फक्त एफ-१ दाबायला ठाण्याहून नेरुळ: रास्पबेरी पायचं 'लांबचं बोट'

घोडबंदरकर (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११:२०

मंडळी, थोडं पाल्हाळ लागेल, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय हा खटाटोप कशासाठी केला ते कळणार नाही.

बाबा नेरुळच्या आमच्या सोसायटीचे खजिनदार. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन-अडीच महिने माझ्याकडे कासारवडवलीला राहायला आलेत, पण पद सोडायला तयार नाहीत. "मी नसलो तर मेंटेनन्सची बिलं कोण काढणार?" असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना उत्तर नको होतं. मग सोसायटीच्या ऑफिसातला डेस्कटॉप मी एनीडेस्कवर जोडून दिला आणि बाबा पायाखाली उशी घेऊन इथून पावत्या फाडू लागले.

एका दुपारी तिकडे वीज गेली आणि पाच मिनिटांत आली. वॉचमननं काचेतून बघून सांगितलं, "दिवा लागलाय साहेब." एनीडेस्क मात्र ऑफलाइन. किल्ली वॉचमनकडेच असते, पण 'पैशाच्या मशीनला' त्यानं हात लावायचा नाही असा चेअरमनचा हुकूम. शेवटी मी निघालो. माजिवड्याच्या गर्दीतून स्टेशन, मग ट्रान्स-हार्बर, दिघा-ऐरोली-रबाळे-घणसोली करत नेरुळ. पडद्यावर एकच ओळ होती: तारीख-वेळ सेट नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. दाबलं. विंडोज आलं. परतीच्या गाडीत बसलो. जाऊन-येऊन साडेतीन तास गेले, आणि काम अर्ध्या सेकंदाचं.

तेव्हा पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं की एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, व्हीएनसी ही सगळी विंडोजची भाडेकरू मंडळी. विंडोज उठलं तरच ती उठणार. बायोसचा (विंडोजच्या आधी जागं होणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरचा) पडदा, निळा पडदा, 'दुरुस्ती चालू आहे'चं गोल गोल फिरणारं चक्र, यातलं काहीच त्यांना दिसत नाही. मोठ्या सर्व्हरांना यासाठी वेगळा चिमुकला कॉम्प्युटर बोर्डावरच दिलेला असतो. डेलवाले त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीवाले आयएलओ. काही ऑफिसछाप मशिनांत इंटेलचं व्हीप्रो असतं. सोसायटीच्या असेंबल केलेल्या डब्यात यातलं काही नाही.

म्हणून 'पाय-केव्हीएम' बनवलं (केव्हीएम म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस). हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर चढवायचं आणि ती पाय त्या कॉम्प्युटरच्या शेजारी बसवायची. डेस्कटॉपचा एचडीएमआय पायमध्ये शिरतो, त्यामुळे डेस्कटॉपला वाटतं आपल्याला मॉनिटर लागलाय. पायचा यूएसबी डेस्कटॉपमध्ये जातो, त्यामुळे त्याला वाटतं कीबोर्ड-माऊस लागलेत. मी ठाण्यात ब्राउझर उघडतो, पडदा दिसतो, कळा दाबतो. डेस्कटॉपमध्ये एक अक्षरही इन्स्टॉल करावं लागत नाही. त्याला पत्ताच नसतो.

सामान असं: रास्पबेरी पाय ४ (२ जीबीवाली पुरते), १६ जीबीचं बरं मेमरी कार्ड आणि एचडीएमआय आत घेणारा छोटा बोर्ड. या बोर्डात दोन जाती आहेत. एक यूएसबीला लावायचा स्वस्त डोंगल, तो कुठेही मिळतो. दुसरा कॅमेऱ्याच्या चपट्या पट्टीवर लागणारा, तोशिबाच्या टीसी३५८७४३ चिपचा. मी दुसरा घेतला. चित्र कमी मागे पडतं आणि सॉफ्टवेअरला तो जास्त मानवतो. पायच्या कॅमेऱ्याच्या तोंडाला दोनच लेन (डेटाच्या वाटा) असल्यामुळे १०८०पी चित्र सेकंदाला ५० फ्रेमपर्यंतच मिळतं, पण बिलं काढायला ते रग्गड झालं. पट्टी मी पहिल्यांदा उलटी खोचली होती, म्हणून सांगतो: चमकत्या तारांची बाजू दोन्ही टोकांना कुठे येते ते आधी बघा.

सगळं चालतंय. पण एक विचित्र प्रकार आहे आणि त्यासाठीच हा धागा. डेस्कटॉप शटडाउन केला, इतकंच काय, मागची वायर भिंतीतून उपटली, तरी माऊसखालचा लाल दिवा मिणमिणत राहतो. भुताटकी आहे का?

---

खवचट_आजोबा | शनिवार, रात्री ११:४२

पाल्हाळ वाचलं. आमचा प्रश्न एवढाच: सीआर२०३२ सेल किती रुपयांना येतो ते माहीत आहे का? वीज गेली की तारीख विसरतो म्हणजे बोर्डावरचा सेल मेलाय. किराणावाल्याकडे मिळतो. त्यासाठी रास्पबेरीची बाग लावलीत.

---

घोडबंदरकर | रविवार, सकाळी ७:५५

आजोबा, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. सेल बदलला. त्याच वेळी बायोसमध्ये 'चूक असेल तर एफ-१ साठी थांबा' हा पर्यायही बंद केला. गंमत बघा, तो पर्याय आधीच बंद करून ठेवला असता तरी उपयोग नव्हता, कारण सेल मेल्यावर बायोस स्वतःच्या सेटिंगसकट सगळं विसरतो. 'वीज आली की आपोआप चालू हो' हेही विसरतो.

पण सेलनं फक्त ते एक दुखणं गेलं. पुढच्याच महिन्यात अपडेट अर्ध्यात अडकलं आणि विंडोजनं 'कुठला कीबोर्ड वापरू?' विचारत निळा पडदा धरला. तेव्हा मी पुन्हा ट्रान्स-हार्बरमध्ये. नेरुळला उतरलो तेव्हाच ठरवलं, तिसरी फेरी नाही.

---

सोल्डरिंग_ताई | रविवार, सकाळी ९:१०

भुताटकी नाही, उलटा पुरवठा आहे. आणि तो आजच थांबवा.

पाय ४ ला एकच यूएसबी-सी तोंड आहे, त्यातूनच वीज घ्यायची आणि त्यातूनच कीबोर्ड असल्याचं सोंगही करायचं. (बाकीची चार चौकोनी तोंडं यजमान म्हणूनच वागतात, सोंग करू शकत नाहीत.) म्हणून सगळे वाय-केबल वापरतात: एक फाटा अ‍ॅडाप्टरला, दुसरा डेस्कटॉपला. तुम्हीही तेच केलं असणार. आता यूएसबीत चार तारा असतात: लाल ५ व्होल्ट, काळी जमीन (ग्राउंड), पांढरी आणि हिरवी डेटा. वाय-केबलमध्ये तुमच्या अ‍ॅडाप्टरची लाल तार डेस्कटॉपच्या लाल तारेला थेट मिळते. डेस्कटॉप बंद असला तरी तुमचा अ‍ॅडाप्टर त्याच्या यूएसबीच्या ५ व्होल्टच्या वाटेवर उलटा करंट ढकलतोय. त्याच वाटेवर माऊस आहे, म्हणून दिवा.

मिणमिणता दिवा हे सुदैव समजा, निदान कळलं तरी. डेस्कटॉप चालू असताना दोन वेगवेगळे पुरवठे समांतर जोडलेले असतात. एकाचे ५.१ व्होल्ट, दुसऱ्याचे ४.९, आणि तो फरक भरून काढायला करंट कुठूनही कुठेही वाहतो. बोर्डाचं यूएसबी जाऊ शकतं. वरून डेस्कटॉप 'पूर्ण बंद' झालाच नाही म्हणून चालू होताना अडखळतो ते वेगळं.

उपाय: डेस्कटॉपकडे जाणाऱ्या फाट्यातली फक्त लाल तार तोडायची. काळी, पांढरी, हिरवी तशाच. केबल कापायची नसेल तर त्या चौकोनी प्लगमधल्या चार पट्ट्यांपैकी पहिल्या पट्टीवर, म्हणजे ५ व्होल्टच्या, कॅप्टॉन टेपचा बारीक तुकडा चिकटवा. कॅप्टॉन म्हणजे तो तपकिरी-सोनेरी, उष्णता सहन करणारा. साधी सेलोटेप दोन वेळा काढ-घाल केली की आत गोळा होते, तिच्या नादी लागू नका. आणि पहिली पट्टी कुठली ते अंदाजानं ठरवू नका, मल्टिमीटरनं ५ व्होल्ट बघून घ्या. उलटीकडची झाकली तर जमीनच तुटेल.

अ‍ॅडाप्टर ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचाच घ्या. मोबाइलचा जुना चार्जर लावला की पाय अर्ध्यातच लटपटते आणि मग लोक सॉफ्टवेअरला शिव्या देतात.

महापेला आमच्या कंपनीत मी रोज हेच करते, म्हणून जरा लांबलं.

---

घोडबंदरकर | रविवार, सकाळी १०:०५

ताई, दंडवत! टेप आणायला निघालो. तोपर्यंत डेस्कटॉपकडचा फाटा काढून ठेवतो.

---

पहिलाच_प्रयत्न | रविवार, सकाळी ११:३०

वाचनखूण साठवली. दोन बालिश प्रश्न. पाय ४ च का? माझ्याकडे पाय ५ आहे, ती तर जास्त वेगवान. आणि झिरो चालेल का?

---

घोडबंदरकर | रविवार, दुपारी १२:१५

बालिश नाहीत. पाय ५ नको. तिचा प्रोसेसर तगडा, पण एच२६४ मध्ये व्हिडिओ आवळणारं खास हार्डवेअर तिच्यातून काढून टाकलंय. पाय ४ मध्ये ते आहे. इथे सगळा खेळ तोच आहे, म्हणून हे सॉफ्टवेअर पाय ५ ला आधारच देत नाही. नवं ते चांगलं हा नियम इथे उलटा पडतो. तुमच्या पाय ५ वर दुसरं काहीतरी छान करा.

झिरो २ डब्ल्यू चालते, स्वस्तही आहे, पण तीन अडचणी. कॅमेऱ्याची पट्टी २२ पिनांची लागते आणि बोर्डावर १५ ची, त्यामुळे दोन टोकं वेगळी असलेली पट्टी शोधावी लागते. लॅनचं भोक नाही आणि एकमेव डेटा-यूएसबी सोंग घेण्यात खर्ची पडतो, म्हणजे वायफायवरच भिस्त, तेही २.४ गिगाहर्ट्‌झचं. शिवाय रॅम फक्त ५१२ एमबी. झिरोला वीज आणि डेटा वेगळ्या तोंडांना दिलेत म्हणून टेप नको असं समजू नका. आतून दोन्हींचे ५ व्होल्ट एकच आहेत. (ताई, चुकत असेन तर कान धरा.)

---

सोल्डरिंग_ताई | रविवार, दुपारी १२:४०

बरोबर आहे, कान सुरक्षित.

---

स्मार्ट_प्लग_समर्थक | रविवार, दुपारी २:०२

एवढं कशाला? स्मार्ट प्लग लावा, बायोसमध्ये 'वीज आली की चालू हो' करा. अडकलं की मोबाइलवरून प्लग बंद-चालू. मी ऐरोलीच्या दुकानात दोन वर्षं हेच करतोय.

---

खवचट_आजोबा | रविवार, दुपारी २:२०

आणि हार्ड डिस्क लिहीत असताना वीज तोडली की जी फाइल मोडते तिला कोण प्लग लावतो?

---

घोडबंदरकर | रविवार, दुपारी २:४५

दोघांचंही ऐकतो. स्मार्ट प्लग शेवटचा उपाय म्हणून वाईट नाही, पण पडद्यावर काय आहे ते दिसत नसताना वीज तोडायची म्हणजे आंधळी कोशिंबीर. अपडेट ९० टक्क्यांवर असेल आणि मी समजणार अडकलंय.

आता मी पॉवर बटणाचीही सोय करायला घेतोय. मदरबोर्डाच्या पुढच्या पिनांवर बटणाच्या दोन तारा येतात. त्या क्षणभर एकमेकींना टेकवल्या की चालू, पाच-सहा सेकंद टेकवून धरल्या की जबरदस्तीनं बंद. पायच्या पिनांनी हे कसं करू? रिले (विजेनं चालणारा स्विच) लावू का?

---

सोल्डरिंग_ताई | रविवार, सायंकाळी ५:३०

टकटक करणारा रिले नको, ऑप्टोकपलर पुरतो. पीसी८१७ घ्या, लॅमिंग्टन रोडला मूठभर मिळतात. आत एक एलईडी आणि समोर प्रकाशावर चालणारा ट्रान्झिस्टर असतो. पाय एलईडी पेटवते, पलीकडे बटण दाबलं जातं, आणि दोघांमध्ये तारेचा संबंध नाही. एकाचं काही बिनसलं तरी दुसरा शाबूत.

हिशेब: पायची पिन ३.३ व्होल्ट देते, एलईडी साधारण १.२ खाते, उरले २.१. मध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर टाकला की सव्वासहा मिलिअँपिअर. पायच्या पिनेला झेपणाऱ्या १६ च्या खूप खाली. रेझिस्टर विसरू नका, नाहीतर पिन दगावेल.

ऑप्टोचं १ नंबर टोक रेझिस्टरमार्गे रास्पबेरीच्या पिनेला, २ जमिनीला. पलीकडे ४ कलेक्टर, ३ एमिटर. याला दिशा असते! बटणाच्या दोन पिनांपैकी कुठलीवर व्होल्ट आहेत ते मीटरनं बघा, ती ४ ला. दिशेची कटकट नको असेल तर ओमरॉनचा जी३व्हीएम-६१ए१ घ्या, पाय-केव्हीएमच्या घरगुती आराखड्यातही तोच आहे, पण महाग.

एक बारीक गोष्ट. जीपीआयओ २३ सारखी पिन निवडा. ० ते ८ क्रमांकाच्या पिना पाय चालू होताना वर (३.३ व्होल्टकडे) ओढलेल्या असतात, ९ ते २७ खाली (शून्याकडे). वीज आल्यावर पायनं स्वतःहून बटण दाबायची हौस धरू नये, म्हणून खालच्यातली.

---

दुहेरी_कुलूप | रविवार, रात्री ८:१५

हार्डवेअरचं छान चाललंय, पण कोणीच विचारत नाही म्हणून विचारतो. राउटरवर पोर्ट उघडून हे थेट इंटरनेटवर टाकलंय का? पासवर्ड बदललाय का?

मूळ पासवर्ड वेबसाठी 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' आणि आतला 'रूट-रूट' असतो, सगळ्या जगाला ठाऊक. ज्याला हे सापडेल त्याला तुमच्या कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसल्यासारखं आहे. अँटिव्हायरसला काही कळणार नाही, कारण त्याच्या दृष्टीनं कोणीतरी साधा कीबोर्ड वापरतोय. आणि मशीन तुमचं नाही, सोसायटीचं आहे. त्यात सभासदांचे फोन नंबर, थकबाकी, बँकेचं लॉगिन. कमिटीला सांगितलंय?

---

घोडबंदरकर | रविवार, रात्री ९:००

पोर्ट उघडलेला नाही, खरं तर उघडताच आला नसता. तिथल्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला आहे. म्हणजे कंपनीनं शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेत, आपल्याकडे आता सर्रास असतं. आधी चिडलो, मग वाटलं बरंच झालं, मोह तरी टळला.

टेलस्केल लावलंय, म्हणजे दोन मशिनांमधला खाजगी बोगदा. ते वायरगार्ड या व्हीपीएनवर चालतं, पाय आणि माझा लॅपटॉप दोघंही बाहेरच्या दिशेनं हात पुढे करतात आणि मध्ये भेटतात. पाय-केव्हीएमच्या भांडारात त्याचं तयार पॅकेज आहे. दोन्ही पासवर्ड बदलले, वर मोबाइलवरचा सहा आकडी कोडही लावला. आतल्या कार्डावर काही बदलायचं तर आधी 'आर-डब्ल्यू' आज्ञा द्यावी लागते आणि झाल्यावर 'आर-ओ', कारण एरवी कार्ड फक्त वाचण्यापुरतंच उघडं असतं. मी पहिले दोन दिवस हे विसरून 'बदल का टिकत नाहीत' म्हणून डोकं आपटलं. पण वीज येते-जाते तिथे हीच गोष्ट सोन्यासारखी. पाय कितीही वेळा दणकन बंद झाली तरी कार्ड मोडत नाही.

कमिटीबद्दल... खरं सांगायचं तर बाबांनी चेअरमनना फोनवर सांगितलंय. लेखी नाही.

---

दुहेरी_कुलूप | रविवार, रात्री ९:२०

लेखी घ्या. ठराव करा: यंत्र कुठलं, कोण वापरणार, कुणाकडे पासवर्ड, बाबा पदावरून उतरले की कधी काढणार. उद्या पाचशे रुपयांचा फरक निघाला तर पहिलं बोट त्या डबीकडे जाईल.

---

नेरुळ_सेक्टरवाली | रविवार, रात्री १०:१०

शंभर टक्के सहमत. आमच्या सोसायटीत सीसीटीव्हीचा पासवर्ड कुणाकडे यावरून तीन सभा झाल्या. डबीवर 'ही काय आहे' असं मराठीत लिहून चिकटवा, नाहीतर सफाईवाली मावशी पहिल्याच आठवड्यात वायर काढून पंखा लावेल.

---

सातासमुद्रापार | सोमवार, पहाटे ४:३५

भारी धागा! मी अमेरिकेत, आईबाबा नौपाड्यात. त्यांच्यासाठी नक्की करणार. अजून एक कल्पना: ऑफिसचा लॅपटॉप इथे घरी ठेवून, डिसेंबरमध्ये ठाण्याला येऊन याच्यावरून काम केलं तर? ऑफिसला कळणारच नाही ना, आत काही इन्स्टॉल नसतं.

---

दुहेरी_कुलूप | सोमवार, सकाळी ८:०५

आईबाबांसाठी जरूर. ऑफिसच्या लॅपटॉपला अजिबात नको. तुमच्याच देशात एका घरात ढीगभर लॅपटॉप ठेवून परदेशातून ते चालवण्यावरून फौजदारी खटले झालेत, आणि त्यात याच प्रकारचे डबे सापडलेत. तुमचा हेतू साधा असेल, पण दिसायला सारखंच दिसतं. मॅनेजरला विचारा, महिनाभर ठाण्यातून काम करायची परवानगी मागा. फार तर नाही म्हणेल.

---

जुनं_ते_सोनं | सोमवार, सकाळी ९:४०

माझ्या मशीनला एचडीएमआय नाही, निळा व्हीजीए आहे. जमेल?

---

घोडबंदरकर | सोमवार, सकाळी ९:५२

व्हीजीएतून एचडीएमआय करणारा डोंगल लागेल, आत चिप असलेला. नुसती केबल असते ती चालत नाही. दिशाही बघून घ्या, उलट्या दिशेचेच जास्त विकायला असतात.

---

घोडबंदरकर | बुधवार, रात्री १०:३०

प्रगती. टेप लावल्यावर माऊसचा दिवा विझला. ऑप्टोही बसवला, बटण चालतं. ठराव झाला, चेअरमननी "हे हॅक तर होणार नाही ना" असं सात वेळा विचारून सही केली.

आता बाबांचा किस्सा. बायोसमध्ये माऊस हलेना. कळलं की पाय जो माऊस दाखवते तो 'पडद्यावर अमुक जागी' असं सांगणाऱ्या जातीचा, आणि पुष्कळ बायोसना फक्त 'इतकं डावीकडे सरक' सांगणारा साधा माऊस कळतो. सेटिंगमध्ये बदलला, हलायला लागला.

दुसरं दुखणं मराठीचं. बाबा सोसायटीच्या नोटिसा मराठीतच काढतात, तिथे इन्स्क्रिप्ट (मराठी कळांची मांडणी) आहे. त्यांनी माझ्या लॅपटॉपवर छान मजकूर लिहिला आणि पाय-केव्हीएमच्या 'मजकूर चिकटवा' खिडकीत टाकला. तिकडे काहीच उमटेना. कारण पाय अक्षरं पाठवतच नाही, कळांचे क्रमांक पाठवते, खऱ्या कीबोर्डसारखे. 'कमल' हा शब्द तिला ठाऊक नाही. तिला के, सी, एन या तीन कळा ठाऊक. तिकडच्या विंडोजवर इन्स्क्रिप्ट चालू असेल तर त्याच तीन कळांचं 'कमल' होतं, इंग्रजी असेल तर तीन इंग्रजी अक्षरं. बाबांना हे सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे टायपिस्टसारखं. साहेब काय बोलले ते महत्त्वाचं नाही, बोट कुठे पडलं ते महत्त्वाचं." ३४ वर्षं मंत्रालयात काढलेल्या माणसाला मी काय समजावणार. आता ते थेट तिकडच्या पडद्यावर टाइप करतात. आणि एकदा इन्स्क्रिप्ट चालू ठेवूनच पासवर्ड टाकायला गेले, तीनदा चुकला, खातं पंधरा मिनिटं बंद.

---

पहिलाच_प्रयत्न | बुधवार, रात्री ११:०२

तुमचे बाबा भारी आहेत. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

---

घोडबंदरकर | साधारण महिन्यानंतर, शनिवार, रात्री ११:५०

धागा वर काढतोय, कारण आज खरी परीक्षा झाली.

गेले आठ दिवस डेस्कटॉप अधूनमधून निळा पडदा देत होता, दर वेळी वेगळं कारण दाखवत. आज संध्याकाळी बिलांच्या मध्येच दोनदा. बाबांनी मला बोलावलंही नाही. मी जेवून आलो तर खुर्चीत बसून पॉवर बटण दाबून धरलंय (ब्राउझरमधलं), परत चालू केलंय, एफ-८ दाबून सुरक्षित मोड शोधतायत. तो नव्या विंडोजमध्ये तसा मिळत नाही, पण धीर बघा.

मग मी मेमटेस्टची (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची) छोटी आयएसओ फाइल, म्हणजे सीडीची नक्कल, पायवर चढवली. पाय डेस्कटॉपला सांगू शकते की तुला एक सीडी ड्राइव्ह लागलीय आणि त्यात ही सीडी आहे. बायोसमध्ये त्या सीडीवरून चालू करायला सांगितलं. ठाण्यातल्या हॉलमध्ये बसून नेरुळच्या मशीनची रॅम तपासली. पहिली फेरी अर्धी व्हायच्या आत लाल ओळींचा पाऊस. ४ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत, त्यातली एक गेलीय.

बाबा खूश. "बघ, जायला लागलं नाही." मी म्हटलं, "बाबा, कुठली पट्टी ते बघायला एक काढून बघावी लागेल." थोडा वेळ शांतता. "ते यातून होत नाही?"

होत नाही.

---

सोल्डरिंग_ताई | रविवार, सकाळी ७:३०

पट्टीच्या सोनेरी कडा आधी खोडरबरनं पुसून परत बसवून बघा. निम्म्या वेळा तेवढ्यानंच भागतं. काढण्याआधी वायर उपटा, आणि डेस्कटॉपकडचा यूएसबी फाटाही.

---

खवचट_आजोबा | रविवार, सकाळी ७:४८

कितीची गाडी?

---

घोडबंदरकर | रविवार, सकाळी ८:०५

ठाणे स्टेशनवरच आहे, पनवेल लोकल लागलीय. खोडरबर घेतलंय. बाबा घरून पडदा बघत बसणार आहेत, पट्टी काढली की फोनवर सांगतो म्हणालेत.